पणजोबांचा जिल्हा

गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या घराण्याच्या पाच पिढ्यांची माहिती काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, न्यायालयातील दप्तरातून जमवली होती, आणि जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहनोंदी असे सारे तेथे वर्षवार बांधून ठेवलेले असते हे पाहून तो थक्क झाला होता. "मामा, आपल्याकडे असे काहीच नसते का?" असे त्याने विचारले. मी त्याला सांगितले की असते, आणि पुष्कळ असते. पण ते कोणत्या कचेरीत असते हे कळण्यातच माझी दोन वर्षे गेली. त्यावर तो म्हणाला की शेजाऱ्यांचीही तीच तक्रार आहे, कारण तेथे एका काउंटीतून दुसरी काउंटी निघाली तरी जुने कागद सहसा मूळ काउंटीतच राहतात, आणि नव्या ठिकाणी शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो.

माझेही नेमके तसेच झाले होते. आमचे गाव आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे, म्हणून निवृत्तीनंतर पणजोबांच्या नोंदी शोधायला मी सरळ सांगलीला गेलो. एक-दोन नव्हे, सात-आठ खेपा झाल्या. शेवटी एका ज्येष्ठ कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "अहो, तुमचे पणजोबा वारले तेव्हा सांगली जिल्हा होता का?" नव्हताच. सांगली हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते आणि आमचे गाव इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ च्या ऑगस्टमध्ये सातारा जिल्ह्याचे तासगाव, खानापूर, वाळवे, शिराळे हे भाग आणि विलीन झालेला संस्थानी मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली ठेवले गेले. पुढे खानापुरातून कडेगाव तालुका वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही. त्याची कचेरी मात्र तीनदा बदलली.

हा तक्ता मी आधी कागदावर मांडला असता तर एस.टी.चे पुष्कळ भाडे वाचले असते. आता कोणी वंशावळीबद्दल विचारायला आले की मी नावे विचारण्याआधी गाव विचारतो आणि त्या गावावर कोणत्या साली कोणाचा अंमल होता हे लिहून काढतो. आमच्या भागात हे फार नाजूक असते. माझे आजोळ कुंडलचे. कुंडल औंध संस्थानात होते, किर्लोस्करवाडीही त्याच मुलखात वसली, आणि आटपाडीही औंधाकडेच होती. त्याउलट शेजारची कित्येक गावे इंग्रजी जिल्ह्यात. त्यामुळे माझ्या आईच्या आणि वडिलांच्या घराण्यांमध्ये अंतर काही कोसांचे असले तरी एका बाजूची दप्तरे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या कारभारातली आणि दुसऱ्या बाजूची कलेक्टरच्या कारभारातली. त्याही मागे गेले तर १८४८ पर्यंत आमचे गाव सातारकर छत्रपतींच्या राज्यात होते. इंग्रजांनी त्या साली ते राज्य खालसा केले. त्या काळाचे कागद हवे असतील तर पुण्याचे पुरालेखागार, ज्याला आपण अजून पेशवे दफ्तर म्हणतो, तेथेच जावे लागते. सातारच्या राजांचे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागदही तेथे आहेत.

आमच्या गावची जुनी जन्म-मृत्यूची पुस्तके मला विट्याच्या, म्हणजे खानापूर तालुक्याच्या, तहसील कचेरीतील अभिलेख कक्षात मिळाली. सरकारी भाषेत हा गाव नमुना १४; लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, गाव आणि साल लिहायचे, आणि वाट पाहायची. साल नेमके माहीत असेल असे धरूनच हा अर्ज केलेला असतो, पण साल माहीत असते तर माणूस तेथे गेला असता कशाला, हा माझा जुना प्रश्न आहे. म्हणून मी दहा वर्षांचा पल्ला लिहीत असे आणि पुस्तके समोर बसून चाळू देण्याची विनंती करीत असे. दुपारच्या वेळी गर्दी ओसरली की ती बहुधा मान्य होई.

१९१८ च्या पुस्तकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. कागद तपकिरी झालेला, कडा हात लावताच गळणाऱ्या, मधोमध कसरीने पाडलेली भोके. बहुतेक पानांवर महिन्याला चार-पाच मृत्यू आहेत आणि कारणांच्या रकान्यात खोकला, हगवण, म्हातारपण, बाळंतरोग असे काही ना काही लिहिलेले आहे. ऑक्टोबर महिना मात्र पानामागून पाने चालतो आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप एवढेच येते. काही ओळींनंतर लिहिणाऱ्याने तोही शब्द सोडून नुसती खूण केली आहे. इन्फ्लुएन्झाच्या साथीचा तो महिना. त्या पानाच्या खालच्या भागात माझ्या पणजोबांचे नाव दिसले आणि क्षणभर मला वाटले की त्यांचाच मृत्यू सापडला. पुन्हा वाचले तेव्हा कळले की ते बापाच्या नावाच्या रकान्यात आहेत. मयताच्या रकान्यात फक्त 'मुलगा, वय ३' असे होते. त्या काळी लहान मुलाचे नाव लिहिण्याची पद्धत फारशी नव्हती, जन्माच्या नोंदीतही पुष्कळदा बापाचे नाव आणि मुलगा किंवा मुलगी एवढेच असते. आजोबांना कोणी धाकटा भाऊ होता हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

पणजोबांचा मृत्यू मला कोतवाल बुकात सापडलाच नाही. तो सापडला फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६ मध्ये. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला आणि १९१३ साली नव्याने झाला, त्यामुळे त्या सुमारापासून जमीन ज्याच्या नावे होती तो वारला की वारसांची नोंद होऊ लागली. घराण्याचा शोध घेणाऱ्याला याहून चांगला कागद नाही, असे माझे मत आहे. जन्माची नोंद करायला गडी चावडीवर गेला नाही तरी चालत असे. जमीन आपल्या नावे करून घ्यायला मात्र तो जाणारच. आमच्या फेरफारात १९२४ साली पणजोबा मयत, वारस मुलगा, वय १३, अ.पा.क. आई, असे लिहिलेले आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. त्या तीन अक्षरांमुळे माझ्या पणजीचे नाव आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाचनात आले, कारण घरात तिला सगळे आईसाहेबच म्हणत आणि तसबिरीखालीही तेवढेच लिहिलेले होते. पणजोबांना मुली होत्या की नाही, हे त्या फेरफारातून कळत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारसनोंदीत मुलगे असतील तर मुलींची नावे बहुधा येतच नाहीत. नंतरच्या नोंदींत त्या येतात आणि बऱ्याचदा पुढच्याच फेरफारात हक्कसोड पत्राने निघूनही जातात.

फेरफारापर्यंत पोहोचण्याची वाट उलटी आहे. हातात असतो आजचा सातबारा आणि त्यावर गट नंबर. तो गट एकत्रीकरण योजनेत पडलेला. जुने कागद मात्र सर्व्हे नंबरावर चालतात. तेव्हा आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा काढायचा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर धरायचा, आणि जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफाराचे आकडे एकेक करून मागे नेत जायचे. ही वर्तुळे म्हणजे जिन्याच्या पायऱ्या आहेत. दस्त नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार यादी, मी शेवटी पाहिली. तिच्यात एक गहाणखत निघाले, बाकी काही नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल एवढेच सांगतो की त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नये. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत एका वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जूनचा आहे, आणि मीही त्यातलाच एक आहे. मात्र शाळा सोडल्याचे कारण जरूर वाचावे. आजोबांच्या नावापुढे 'शेतकाम' असे आहे आणि साल १९२४ आहे.

अमेरिकेत जनगणनेच्या वेळी लिहिलेली घरोघरची नावे ७२ वर्षांनी सर्वांसाठी खुली होतात. १९५० ची नावे १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. भाच्याने हे सांगितले तेव्हा मला हेवा वाटला, कारण आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तसे कागद कोणाला पाहताच येत नाहीत. अर्थात त्यांचेही सगळे शाबूत नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. आपल्याकडे ते काम वाळवी आणि पाऊस करतात.

मोडी लिपीला मी फार उशिरा हात घातला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गावदप्तर पुष्कळदा मोडीत असते आणि बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचणाऱ्याला त्यातले अक्षर लागत नाही, कारण आधी रेघ ओढून तिच्याखाली बोरू न उचलता सलग लिहिलेले असते, दोन शब्दांत जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे काढलेले नसते. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गात जाऊन आल्यावर मला एवढे समजू लागले की 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. या दोन शब्दांवर सगळी वंशावळ उभी असते. कालगणनाही शिकावी लागते. कागदावर फसली सन १३२१ असेल तर त्यात ५९० मिळवून १९११ धरायचे. त्याहून जुन्या कागदावर 'सलास अशर मयातैन व अलफ' असे शुहूर सन असेल तर तीन, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१३, त्यात ५९९ मिळवून १८१२. हे दोन्ही सन मृगाबरोबर बदलतात, म्हणून पुढच्या इंग्रजी वर्षाचे पहिले पाच महिनेही त्यातच येतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि ज्या मोडी वाचकांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्या दारात रांगा लागल्या. त्या निमित्ताने पुष्कळ दप्तरे फडक्यातून बाहेर निघून स्कॅन झाली, याचा लाभ माझ्यासारख्यांना आपोआप मिळाला.

आमच्याकडे आणखी एक दप्तर आहे आणि ते कोणत्याच कचेरीत नाही. कर्नाटकातून हेळवी येतात. पूर्वी बैलगाडीने किंवा नंदीवर बसून येत, आता टेम्पोने येतात. सोप्यात घोंगडे पसरले की लाल कापडात बांधलेली वही उघडतात आणि मूळ गाव, कुळ, कोण कोठून उठून कोठे वसले, कोणाला किती मुलगे, हे एका लयीत वाचत जातात. सुगी झालेली असेल तर धान्य, एरवी रोख रक्कम आणि धोतर-लुगडे त्यांना द्यायचे, आणि मागच्या खेपेनंतर झालेली मुले त्यांच्या वहीत घालून घ्यायची. लहानपणी मला हा तमाशाच वाटे. गेल्या मार्गशीर्षात ते आले तेव्हा मी पहिल्यांदाच वही आणि पेन घेऊन शेजारी बसलो. आमच्या पणजोबांच्या नावाखाली त्यांनी दोन मुलगे वाचले. पहिले नाव आजोबांचे होते. दुसरे नाव मी त्यांना पुन्हा वाचायला लावले, आणि त्याच्यापुढे काय लिहिले आहे असे विचारले, तर ते म्हणाले की पुढे रेघ आहे, म्हणजे वंश नाही.

संध्याकाळी मी विट्याहून आणलेल्या नकलेची झेरॉक्स काढली आणि १९१८ च्या त्या ओळीत, 'मुलगा, वय ३' याच्या शेजारी, ते नाव पेन्सिलीने लिहिले. पेनने लिहायला धीर झाला नाही, कारण हेळव्यांच्या वहीत साल नसते आणि कोतवाल बुकात नाव नाही. भाच्याला दोन्हींचे फोटो पाठवले आहेत. पणजोबांना मुलगी होती का, हे हेळव्यांच्या वहीतही नाही. ते शोधायला आता कुंडलच्या बाजूची सोयरीक धुंडाळावी लागेल.