पंक, गुडघे आणि ब्लॅकपूल

ब्लॅकपूल हे इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव. मँचेस्टरहून ब्लॅकपूल नॉर्थ स्टेशनची थेट गाडी सव्वा तासात पोचवते. स्टेशनपासून विंटर गार्डन्स हे सभागृहांचं संकुल चालत दहा मिनिटांवर. ऑगस्टच्या सुरुवातीला गुरुवार ते रविवार इथे 'रिबेलियन' भरतो. १९९६ साली वेगळ्या नावाने सुरू झालेला हा पंक रॉक संगीताचा मेळा. प्रेक्षकांत पिकल्या केसांची संख्या सवाई गंधर्वच्या मांडवाइतकीच, फक्त इथले काही केस हिरवे असतात. मंचावरही तेच: 'यूके सब्ज' बँडचा गायक चार्ली हार्पर १९४४ सालचा.

समुद्राकाठी वारा बोचरा आणि आत घामाच्या धारा, तेव्हा जाकीट कमरेला बांधता येईल असंच घ्या. उकाडा मुख्यतः संकुलातल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये. १८९६ चं हे नाचघर, कमानदार छताचं, पाहत राहावं असं. पण खाली उभंच राहायचं आणि लाकडी जमिनीवर बिअर सांडली की बुटाचा तळवा सटकतो. मंचासमोर मधोमध धक्काबुक्कीचा गोल फिरतो. त्याच्या कडेला उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण गोल पसरला की धक्का पाठीत बसतो. साउंड डेस्कजवळ, म्हणजे ध्वनी नियंत्रकाच्या टेबलाजवळ, मागे थांबा. आवाजाचा तोल तिथेच सर्वांत चांगला असतो आणि टेकायला कठडाही मिळतो.

पाय बोलायला लागले की त्याच संकुलातलं ऑपेरा हाउस गाठायचं. १९३९ ची इमारत, सुमारे २,८०० खुर्च्या. पोस्ट-पंक, म्हणजे पंकमधूनच पुढे निघालेलं संगीत, मला तरी बसूनच जास्त कळतं. बेस गिटार पुढे आणि बाकी सगळं मागे, अशा संगीताला खुर्ची शोभते. मात्र लोकप्रिय बँडला सभागृह भरलं की दारात रांग लागते आणि एक बाहेर आला तरच एक आत. अर्धा तास आधी जा आणि त्यासाठी आधीचा बँड बिनधास्त सोडा. चार दिवसांचं वेळापत्रक पूर्ण करायला निघालेला माणूस शनिवारी दुपारीच संपतो. दिवसाला पाच बँड पुष्कळ झाले.

कानांचं गणित कडक आहे. ८५ डेसिबल आवाजात कानांना आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. कानात घालायचे स्वस्त फोमचे बोळे वरच्या पट्टीचे स्वर जास्त गिळतात. वयाने तेच स्वर आधी गेलेले असतात, त्यामुळे शब्दच ऐकू येत नाहीत. संगीतासाठीचे, सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करणारे १५ ते २० डेसिबलचे प्लग घ्या. फोमचेच असतील तर बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानात अडकवलेला बोळा दुसऱ्या गाण्यालाच बाहेर येतो.

नवे डॉक मार्टन्स बूट इथे पहिल्यांदा घालू नका, टाच सोलते. महिनाभर आधी घरात वापरा. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. भारतातून येणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, पण खोली त्याच्याही आधी धरावी लागते. म्हणून रद्द करता येईल असंच बुकिंग करा. जुन्या गेस्ट हाउसांत जिने अरुंद आणि बहुधा लिफ्ट नाही, तेव्हा खालचा मजला मागून घ्या.

खोली सोमवार सकाळपर्यंत ठेवा. रविवारी शेवटचा बँड आटोपल्यावर मँचेस्टरची गाडी मिळेल याचा भरवसा नाही.