डॉज सिटीतले डोंगर

मंगळवार

कॅन्ससला येऊन पाच आठवडे झाले. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत, दुपारभर घरात मी आणि ही. पाय मोकळे करायला बाहेर पडावं तर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नातवानं टीव्हीवर जुन्या मालिका फुकट कुठे लागतात ते शोधून दिलंय, मधल्या जाहिराती तेवढ्या सोसायच्या. त्यामुळे जेवण झालं की 'गनस्मोक', इथल्याच कॅन्ससमधल्या जुन्या डॉज सिटीत कायदा राखणाऱ्या मार्शलची वेस्टर्न मालिका.

१९५५ ते १९७५, वीस वर्षं, ६३५ भाग. सगळे बघायचे म्हटलं तर व्हिसा पुरणार नाही. पण सगळे बघायची गरजही नाही, या मताला मी आता आलोय. १९६१ पर्यंत ही मालिका अर्ध्या तासाची होती, काळी-पांढरी. पुढे तासाची झाली, १९६६ पासून रंगीत. माझ्या लेखी खरं 'गनस्मोक' ते अर्ध्या तासाचं. कुणीतरी धुळीनं माखलेला माणूस गावात येतो, घोडा बांधतो, आणि त्याच्या पाणी पिण्यावरूनच कळतं की याचं काही धड होणार नाही. जाहिराती वगळता पंचवीसेक मिनिटांत सगळं आटोपतं. तासाच्या भागांत पुष्कळदा तीच गोष्ट असते, फक्त वाटीभर आमटीत तांब्याभर पाणी ओतलेलं.

आज पहिला भाग बघितला. सुरुवातीला वेस्टर्न सिनेमांचा बडा नट, खुद्द जॉन वेन येऊन मालिकेची ओळख करून देतो, लग्नात एखादे वजनदार मामा उभे राहून मुलाबद्दल चार शब्द बोलतात तसं. आणि मग गंमत म्हणजे ज्याचं एवढं कौतुक झालं तो मार्शल मॅट डिलन पहिल्याच भागात गोळी खाऊन आडवा! मॅट झालेला जेम्स आर्नेस हा साडेसहा फुटांच्या वरचा गडी, दारातून येताना चौकट आखूड वाटते. त्याला लोळवणारा डॅन ग्रॅट पिस्तूल काढण्यात त्याच्याहून चपळ. अंथरुणात पडल्या पडल्या मॅट विचार करतो आणि त्याच्या लक्षात येतं, हा माणूस नेहमी अगदी जवळ येऊनच गोळी झाडतो. हात चपळ आहे, नेम कच्चा आहे. दुसऱ्या वेळी मॅट त्याला जवळ येऊच देत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. चाळीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला हे फार पटतं. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला काउंटरपासून दोन हात लांब ठेवावं.

ही स्वेटर विणता विणता अधूनमधून बघते. आज म्हणाली, "मघापासून सलून सलून चाललंय, पण एकाचीही दाढी होताना दिसली नाही." तिथलं सलून म्हणजे दारूचा गुत्ता. त्या लाँग ब्रँच सलूनची मालकीण किटी मात्र तिला आवडते. मॅटचं आणि तिचं एवढी वर्षं नुसतं बघणं-बोलणं चालतं, लग्नाचं नाव नाही, याचा हिला राग आहे. "दोघांच्या घरात मोठं माणूस कोणी नाही का?"

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकतेय. गावाबाहेर कॅमेरा गेला की मागे डोंगर दिसतात. इथे खिडकीतून बघतो तर जमीन पोळपाटासारखी. मालिकेचं चित्रीकरण मुख्यतः कॅलिफोर्नियाकडचं, त्यामुळे डॉज सिटीला ते डोंगर फुकटात मिळाले. साताऱ्याच्या माणसाला कुठे डोंगर असायला हवा आणि कुठे नको, हे सांगावं लागत नाही.

गुरुवार

शाळेला सुट्टी. नातवाला घेऊन 'हाय नून' हा वेस्टर्न सिनेमा बघितला, १९५२ चा. पोरगं दहा मिनिटांत पळेल असं वाटलं होतं, पण बसलं. सिनेमा जेमतेम दीड तासाचा आणि गोष्टही साधारण तेवढ्याच वेळात घडते. बाराच्या गाडीनं गुंड येणार, भिंतीवरची घड्याळं पुढे सरकतायत, आणि मार्शल केन गावभर मदत मागत हिंडतोय. केन झालेला गॅरी कूपर तेव्हा पन्नाशीचा होता आणि ते लपवलेलं नाही. चेहऱ्यावर घाम, डोळ्यांखाली थकवा.

"आबा, कोणीच का येत नाही?" नातवानं विचारलं. काय सांगू? चर्चमधला तो प्रसंग म्हणजे थेट आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. एकजण उठून म्हणतो, यानं गावासाठी किती केलं! दुसरा म्हणतो, पण हा प्रश्न वरच्यांनी सोडवायला हवा होता. तिसरा म्हणतो, पोरांना बाहेर पाठवा, मग बोलू. आणि इतकी स्तुती करून झाल्यावर शेवटी सल्ला काय, तर तू गाव सोड. आमच्याकडे टाकीच्या पाण्यावरून हेच झालं होतं. "तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोत मागे." मी पुढे झालो आणि मागे वळून बघितलं तर फक्त वॉचमन.

जॉन वेनला हा सिनेमा अजिबात आवडला नव्हता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सलाही नाही. मार्शलनं दारोदार मदतीची भीक काय मागायची, असं त्याचं म्हणणं. म्हणून १९५९ ला वेनला घेऊन त्यानं 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यातला शेरीफ कोणी मदत देऊ केली तर उलट नको म्हणतो, आणि तरी एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक पोरगा त्याच्याभोवती गोळा होतात. त्याची सुरुवात मी संध्याकाळी पुन्हा लावून बघितली. काही मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. दारूसाठी तडफडणारा डीन मार्टिन. समोरचा माणूस हसत हसत एक नाणं पिकदाणीत टाकतो. हा वाकतो, हात पुढे करतो आणि वेनचा पाय मधे येऊन पिकदाणी लाथाडतो. अब्रू जाणं आणि राखणं, दोन्ही त्या एका भांड्याभोवती.

खरा कुठला, असं कोणी विचारलं तर मी 'हाय नून' म्हणेन. माणसं तशीच असतात. पण पुन्हा लावताना हात 'रिओ ब्राव्हो'कडे जातो, हे कबूल करायला हवं.

वेनचाच 'द सर्चर्स' हा सिनेमाही या आठवड्यात झाला. चित्रं डोळ्यांत राहतात, वेनचा ईथन बघून भीती वाटते. पण टेक्सस म्हणून दाखवलेली ती मॉन्युमेंट व्हॅली युटा-अॅरिझोनाच्या सीमेवरची, आणि कोमांची या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचा सरदार झालेला हेन्री ब्रँडन जन्मानं जर्मनीतला. डोंगर उसने तशी माणसंही उसनी. कॉलेजात 'मॅकेनाज गोल्ड' बघताना आम्ही शिट्ट्या मारल्या, शेवटी घोड्याच्या पिशव्यांत सोनं राहून जातं तेव्हा नाणी उधळली, पण ती जमीन आणि ते सोनं मुळात कुणाचं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

शनिवार

चिरंजीव सकाळी म्हणाले, "बाबा, खरं डॉज सिटी इथून गाडीनं पाचेक तास. लाँग वीकेंडला जायचं का?" तिथे संग्रहालय आहे, जुन्या फ्रंट स्ट्रीटची उभारलेली प्रतिकृती आहे. जायचं तर आहे, पण पोटात जरा गोळाही आला. तिथे मॅट नसेल हे कळतं. मागे डोंगर नसेल, त्याचं काय करायचं?

मी "बघू" म्हटलं. आत ही दशम्यांचं पीठ मळायला बसली होती, गाडीत टिकतात म्हणून दूध घालून. वीकेंडला अजून आठवडा आहे म्हटलं, तर म्हणाली, "आधी एकदा करून बघते, इथली कणीक वेगळी लागते."