दहा मिलिवॉटचं स्टेशन

सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीने गच्चीवर अँटेना लावायला नकार दिला. कारण काय, तर पावसाळ्यात गळती होईल. गच्ची आधीपासूनच गळते, पण सभेत ते बोलण्यात अर्थ नव्हता.

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संवादाचा, परवाना हातात होता, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळालेलं होतं आणि घर दुसऱ्या मजल्यावर. एकीकडे पर्वती, दुसरीकडे तळजाई. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दोन मीटर बँडवर हँडी (हातातला वायरलेस संच) घेऊन बोलायचं म्हटलं, तर स्वारगेटच्या आसपासचं कुणी भेटलं तर भेटलं. बाणेरला राहणारा मित्र मला कधीच ऐकू आला नाही. मध्ये वेताळ टेकडी उभी. म्हणून मग ठरवलं की घरातल्या घरात इंटरनेटला जोडलेला नोड, म्हणजे छोटं रेडिओ केंद्र, उभा करायचा. त्याची ही हकिकत.

सुरुवातीला इकोलिंकचा विचार होता. रेडिओ साउंडकार्डमार्फत कॉम्प्युटरला जोडायचा आणि आवाज इंटरनेटवरून पुढे पाठवायचा. व्यवस्था जुनी, २००२पासूनची, आणि चांगली आहे. पण तिला बाहेरून आत येणारी वाट लागते: यूडीपीचे ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट राउटरवर उघडून द्यावे लागतात. माझ्या ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता कित्येक घरांत वाटलेला आहे. त्यामुळे राउटरवर काहीही उघडलं तरी बाहेरचा माणूस आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. प्रॉक्सी म्हणजे मधला सर्व्हर वापरून मार्ग निघतो, पण एवढा खटाटोप करायचा आणि वर चोवीस तास कॉम्प्युटर चालू ठेवायचा, हे काही मनाला पटेना.

डिजिटल रेडिओसाठीच्या हॉटस्पॉटचं तसं नाही. तो स्वतःच बाहेर सर्व्हरकडे जातो, लॉगिन करतो आणि ती वाट उघडी ठेवतो. राउटरला हातही लावावा लागत नाही.

वस्तू अगदी लहान आहे. काडेपेटीहून थोडा मोठा रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा कॉम्प्युटर, त्यावर बसणारा एमएमडीव्हीएम हा रेडिओचा बोर्ड आणि बोटाएवढी अँटेना. एमएमडीव्हीएम हे मूळ सॉफ्टवेअर जोनाथन नेलर, जी४केएलएक्स, या ब्रिटिश हॅमचं. बोर्डावर एडीएफ७०२१ नावाची रेडिओची चिप असते आणि ती फेकते जेमतेम १० मिलिवॉट. आपल्या हातातला डीएमआर (आवाज बिटांच्या रूपात पाठवायची एक पद्धत) हँडी या डब्याशी बोलतो, डबा इंटरनेटशी. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे डब्याला आपला आवाज कळतच नाही. आवाजाचे बिट तयार होतात हँडीत आणि उलगडतात पलीकडच्या माणसाच्या हँडीत. मधला डबा पोस्टमनसारखा, पाकीट न उघडता पुढे देणारा. म्हणून तर एवढ्याशा पायवर काम भागतं आणि व्होकोडरची, म्हणजे आवाजाचे बिट करणारी, वेगळी चिप घ्यावी लागत नाही. डीएमआरवरून डी-स्टार या दुसऱ्या डिजिटल पद्धतीवर जायचं असेल तर मात्र पाकीट फोडून मजकूर नव्याने लिहावा लागतो. त्या भानगडीत मी पडलो नाही.

बोर्ड मला एका ज्येष्ठ हॅमकडून मिळाला, त्यांनी वापरून बाजूला ठेवलेला. जाड मायक्रो-यूएसबी केबल आणि नीट २ अँपिअर देणारा चार्जर तपकीर गल्लीतून आणला. केबलवर पैसे वाचवू नयेत. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, पाय मधूनच रीस्टार्ट होतो आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. माझ्या पायवर हेडर, म्हणजे बोर्ड बसवायच्या पिनांची पट्टी, जोडलेला नव्हता, तेव्हा ४० पिना सोल्डर करण्यात एक रविवार सकाळ गेली.

कागदपत्रांचा भाग एका परिच्छेदात उरकतो. परवान्याची प्रत अपलोड करून सात आकडी डीएमआर आयडी घ्यायचा. भारतातले आयडी ४०४ने सुरू होतात. मग ब्रँडमीस्टर या डीएमआर हॅमना इंटरनेटवरून जोडणाऱ्या नेटवर्कवर खातं उघडायचं. तिथे सेल्फकेअर विभागात हॉटस्पॉटसाठी वेगळा पासवर्ड ठरवायचा. तो खात्याच्या पासवर्डहून निराळा असतो आणि डब्याच्या सेटिंगमध्येही तोच लिहावा लागतो. आणि ज्यांच्याकडे परवानाच नाही त्यांनी यातलं काही चालू करू नये. १० मिलिवॉट असले तरी ते प्रक्षेपणच आहे.

एसडी कार्डावर पाय-स्टार टाकलं. अँडी टेलर, एमडब्ल्यू०एमडब्ल्यूझेड, यांनी बांधलेली ही हॉटस्पॉट चालवणारी प्रणाली. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ती कार्डाच्या बूट भागात ठेवली की डबा आपोआप जोडला जातो, असं सगळे सांगतात. इथे एक मेख आहे. पाय झीरोला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय कळतं. आमच्या राउटरने २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव दिलेलं होतं आणि त्या गोंधळात जोडणी होतच नव्हती. राउटरमध्ये दोन वेगळी नावं केली आणि डबा निमूट जोडला गेला. ब्राउझरमध्ये पाय-स्टार डॉट लोकल उघडलं, टाइमझोन लंडनवरून कोलकात्यावर आणला, नोड प्रायव्हेट ठेवला म्हणजे माझ्याखेरीज कुणी तो वापरणार नाही, आणि सुरुवातीचा पासवर्ड लगेच बदलला. तो जगजाहीर असतो.

आता फ्रीक्वेन्सी. परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास ४३८च्या वरचे किंवा ४३३चे आकडे दिसतात. ते आपल्याकडे उचलून चालत नाहीत, कारण भारतात या बँडवर हॅमना ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. त्यातही ४३५ ते ४३८ हा पट्टा उपग्रहांचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हॅम रिपीटर (ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारा संच) ४३७.८००वर खाली पाठवतो. तिथे घरगुती डबा लावून बसणं कायद्यापेक्षा रीतभात म्हणून वाईट. खालच्या अंगाला ४३३.९२ला गाड्यांच्या रिमोट किल्ल्या आणि स्वस्त सेन्सरांची गर्दी. उरला ४३४ ते ४३५चा तुकडा. वेगवेगळ्या वेळी हँडीवर ऐकून, शांत दिसलेली एक जागा साधारण मध्यावर निवडली.

इथवर सगळं कॉम्प्युटरचं काम होतं. खरा वेळ खाल्ला तो हँडी आणि डबा यांच्यामधल्या चार फुटांनी.

हँडीचं बटण दाबतोय, हँडीचा लाल दिवा लागतोय, पण डॅशबोर्डवर, म्हणजे ब्राउझरमधल्या पाय-स्टारच्या पानावर, ओळ उमटत नाही. इंटरनेटकडून चूक शोधायला लागलो असतो तर आजही शोधतच असतो. सदाशिव पेठेतल्या ज्या काकांकडे मी मोर्स शिकलो त्यांना फोन केला. डिजिटलचा त्यांना तिटकारा आहे, पण रेडिओ तो रेडिओच. ते म्हणाले, “अरे, आधी इंटरनेटची वायर काढून टाक. मग सांग तुझा डबा तुला ऐकतोय का.” सल्ला सोपा होता आणि नेमका होता. हँडी ते डबा हा एक टप्पा, डबा ते सर्व्हर हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी तपासू नयेत.

पहिल्या टप्प्यातला दोष निघाला क्रिस्टलचा, म्हणजे फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या सुट्या भागाचा. बोर्डावरच्या क्रिस्टलमध्ये अगदी एक पीपीएमची (दहा लाखांत एक) तफावत असली, तरी या बँडवर ती ४३४ हर्ट्झ होते. एफएममध्ये एवढ्याने कानाला काही जाणवणार नाही. डीएमआरमध्ये मात्र बिट वाहून नेणारी चार चिन्हं असतात, मध्यापासून ६४८ आणि १९४४ हर्ट्झवर, दोन्ही बाजूंना. शेजारच्या चिन्हाची हद्द फक्त ६४८ हर्ट्झवर सुरू होते. म्हणजे चार-पाचशे हर्ट्झची सरक झाली की बरीचशी जागा गेली, आणि त्यात हँडीची स्वतःची तफावत मिळाली की संपलंच. डब्याला चिन्हं ओळखू येत नाहीत आणि तो गप्प बसतो.

उपाय सेटिंगमध्येच आहे. एक्स्पर्ट भागात एमएमडीव्हीएमहोस्टच्या पानावर मोडेमखाली आरएक्स-ऑफसेट नावाचा, ऐकायची फ्रीक्वेन्सी सरकवणारा, आकडा असतो. तो १००-१०० हर्ट्झने एका दिशेला सरकवायचा, जतन करायचं, हँडीवर दहा सेकंद बोलायचं आणि डॅशबोर्डवर बीईआर म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण बघायचं. अधिकच्या बाजूला काहीच घडलं नाही. उणेच्या बाजूला एका ठिकाणी अचानक माझं कॉलसाइन उमटलं, बीईआर ५ टक्क्यांच्या वर. आणखी थोडं सरकवल्यावर तो झपाट्याने उतरला आणि मग ५०-५० हर्ट्झने चाचपत ०.३ टक्क्यांवर स्थिरावला. १ टक्क्याच्या आत असेल तर आवाज स्वच्छ जातो. पाठवण्याच्या टीएक्स-ऑफसेटलाही तोच आकडा दिला, कारण क्रिस्टल एकच आहे. आणखी एक, या मापनात हँडी कमी पॉवरवर ठेवा आणि डब्यापासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा. ५ वॉटचा हँडी शेजारी धरून बोललात तर डब्याचे कान बधिर होतात आणि आकडे खोटे येतात.

हँडीतल्या सेटिंगच्या फाइलला कोडप्लग म्हणतात आणि तिची धास्ती उगाच घेतली जाते. एकेरी हॉटस्पॉटसाठी कलर कोड (हँडी आणि डब्यात जुळावा लागणारा आकडा) १, टाइमस्लॉट (डीएमआरमधल्या वेळेच्या दोन खणांपैकी एक) २, पाठवायची आणि ऐकायची फ्रीक्वेन्सी एकच, पॉवर लो. ॲडमिट क्रायटेरिया ऑलवेजवर, म्हणजे बटण दाबलं की हँडी नेहमी पाठवेल. प्रायव्हसी किंवा एन्क्रिप्शनची खूण काढलेली, कारण हॅम बँडवर सांकेतिक बोलण्याला परवानगी नाही. जो टॉकग्रुप (आकड्याने ओळखला जाणारा सामायिक गप्पांचा गट) ऐकायचा तो रिसीव्ह लिस्टमध्ये हवा, नाहीतर डब्याचा दिवा लुकलुकतो आणि हँडी मुका राहतो.

मग दुसरा टप्पा. हॉटस्पॉटच्या आयडीच्या शेवटी ०१ हे दोन आकडे जोडले, म्हणजे पुढेमागे दुसरा डबा लावला तर त्याला ०२ देता येईल. सेल्फकेअरवरचा तो पासवर्ड भरला आणि डीएमआर नेटचा लाल चौकोन हिरवा झाला. ९९९० हा पॅरट. त्याला प्रायव्हेट कॉल लावून बोललं की सर्व्हर आपलंच बोलणं परत ऐकवतो. माझा आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. हँडीचा माइक गेन थोडा कमी केल्यावर तोही सुधारला.

मग भारताचा टॉकग्रुप ४०४ लावला. बराच वेळ नुसता ऐकत बसलो. केरळमधले दोघे अँटेनाच्या उंचीवरून बोलत होते. त्यांचं संपल्यावर कॉलसाइन सांगून थांबलो. उत्तर आलं नागपूरहून, आणि माझं नाव ऐकल्याबरोबर इंग्रजी सोडून थेट वऱ्हाडीत, “कसं काय भाऊ, पुण्यात लय पाऊस हाय म्हणते?” दोन वाक्यांमध्ये दोन-तीन सेकंदांची फट ठेवायची असते. नेटवर्कला मागेपुढे व्हायला वेळ लागतो, आणि मध्येच कुणाला यायचं असेल तर त्यालाही जागा मिळते. आम्हा दोघांनाही ती फट पाळायला जड जात होतं.

काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे घरापुरता रेडिओ आणि पुढे टेलिफोन.” यावर आमचा वाद अजून चालू आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही: माझा सिग्नल खाली पार्किंगपर्यंतही धड जात नाही, आणि इंटरनेट तुटलं की नागपूर संपलं. आपत्तीच्या वेळी हा डबा कामाचा नाही. तेव्हा एचएफ (दूरवर जाणाऱ्या शॉर्टवेव्ह लहरी) आणि मोर्सच हवं. पण त्या पाचशे-सहाशे हर्ट्झच्या भांडणात मला क्रिस्टल, डेव्हिएशन (चिन्हं मध्यापासून सरकण्याचं अंतर) आणि रिसीव्हर ओव्हरलोड (जवळच्या जोरदार सिग्नलने कान बधिर होणं) जेवढे कळले, तेवढे परीक्षेच्या अभ्यासात कळले नव्हते. टेलिफोन दुरुस्त करताना कुणी हर्ट्झ मोजत नाही.

देखभाल फारशी नाही. पाय-स्टार एरवी कार्डावर काही लिहीत नाही, त्यामुळे वीज गेली तरी कार्ड सहसा बिघडत नाही. अपडेट चालू असताना गेली तर मात्र सांगता येत नाही. म्हणून अपडेट वीज जाण्याचा संभव नसेल तेव्हाच, आणि चालत्या सेटिंगचा बॅकअप आधी उतरवून. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर तापमानाचा चौकोन केशरी होतो. डबा टीव्हीच्या मागून काढून खिडकीजवळच्या सावलीत ठेवला. फोनच्या हॉटस्पॉटचं नावही वाय-फायच्या यादीत घालून ठेवलंय, म्हणजे राउटरचा पासवर्ड बदलला तरी डब्यात शिरता येतं.

सहकारनगर, पद्मावती, धनकवडी या भागात आणखी कुणी हॉटस्पॉट लावणार असेल तर ४३४च्या पट्ट्यात कुठली जागा घेताय ते आधी आपसांत ठरवूया. शेजारशेजारच्या इमारतींत एकच फ्रीक्वेन्सी आणि दोन्हीकडे कलर कोड १ असेल, तर एकाने बटण दाबल्यावर दोन्ही डबे कान टवकारतील. फ्रीक्वेन्सी बदलता येणार नसेल तर निदान कलर कोड तरी वेगळा घ्या. तो डब्यात आणि हँडीत, दोन्हीकडे बदलावा लागतो.