पोटातलं घड्याळ

दादाला लघवीचा त्रास सुरू झाला म्हणून म्हापशाला सोनोग्राफी केली. प्रोस्टेट थोडं वाढलं होतं, त्याचं काही विशेष नाही. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती: पोटातली महाधमनी ५.८ सेंटीमीटर. एरवी तिची रुंदी दोनच्या आसपास असते. तीन झाली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात, म्हणजे भिंत सैल पडून फुगलेली धमनी, जी अचानक फुटू शकते. पुरुषाची साडेपाचला पोचली की डॉक्टर ऑपरेशनचं बोलू लागतात. दादाला दुखत काहीच नव्हतं. महिन्याभरात ऑपरेशन झालं, नीट झालं.

घरी सोडताना सर्जननी मलाच विचारलं, वय किती? एकसष्ट. सिगारेट? वीस वर्षं ओढली, सोडून बारा झाली. "मग तुम्हीही मापून घ्या. सख्ख्या भावंडांना हे होण्याची शक्यता जास्त. आणि घरात कोणी असं अचानक गेलं होतं का, तेवढं विचारून ठेवा."

तेवढं विचारणं हेच सगळ्यात अवघड निघालं. बाबा गेले १९९१ साली, चवथ होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी कमरेतून कळ आली, मुतखडा म्हणून इंजेक्शन दिलं, तिन्हीसांजेला सगळं आटोपलं. कागदावर 'हृदयविकार' आलं आणि आम्हीही तीस वर्षं सगळ्यांना हार्टच सांगत आलो. काका त्याआधी गिरगावात जिन्यावर कोसळले. ते म्हणे उन्हामुळे. आमच्या घरात माणसं मरतात ती अशी, विचारू नये इतपत कारण देऊन.

शेवटी म्हार्दोळला आत्याकडे गेलो. ती शहाऐंशीची, पण कोणाच्या लग्नात कोण रुसलं इथपर्यंत सगळं लक्षात. काकांचं नाव काढताच हसायला लागली. "ताच्या पोटांत घड्याळ आशिल्लें!" जेवून आडवे झाले की काका पोरांचा हात धरून बेंबीवर ठेवायचे आणि टिकटिक ऐकवायचे म्हणे. फुगलेली धमनीच ठोके देत असेल का, या विचाराने मला घाम फुटला. बारीक माणसाच्या पोटात निरोगी धमनीही हाताला लागते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. काका मात्र चांगले ढेरपोटे होते. तरी खात्रीने कोण सांगणार? दोघांचंही पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी उडवून लावलं. पोट दुखतं का? नाही. मग कशाला? मी दादाचा रिपोर्ट पुढे सरकवला तेव्हा चिठ्ठी मिळाली.

पहिल्या केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली चार गरोदर बायकांमध्ये मी एकटा म्हातारा. उपाशी यायला कोणी सांगितलं नव्हतं, मी पाव-भाजी खाऊन गेलेलो. दोन मिनिटांत तपासणी संपली. रिपोर्ट: गॅसमुळे नीट दिसत नाही, महाधमनी नॉर्मल. दिसत नाही तर नॉर्मल कशी? आणि आकडा कुठेच नाही. विचारलं तर म्हणे असं वेगळं माप आम्ही लिहीत नाही.

आठ दिवसांनी फोंड्याला दुसरीकडे गेलो, रात्रीच्या पेजेनंतर पोटात काही नाही. या वेळी चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घेतलं होतं: महाधमनी, जास्तीत जास्त रुंदी, कौटुंबिक इतिहास. तिथल्या बाईंनी उभं मोजलं, आडवं मोजलं, कुशीवर वळवून पुन्हा मोजलं. दहा मिनिटं. ३.३ सेंटीमीटर.

खरं सांगतो, आकडा ऐकून बरं वाटलं. निदान आहे ते कळलं. दोन मिलीमीटरचा फरक माप घेण्याच्या पद्धतीतही पडू शकतो, म्हणून पुढच्या वर्षीही तिथेच या, असं त्या म्हणाल्या. पोटाच्या सोनोग्राफीत छातीतली धमनी दिसत नाही, म्हणून टूडी एको वेगळा केला. तो ठीक आहे. बीपीची गोळी सुरू झाली. सिगारेटचं मला सांगावं लागलं नाही, पण ती पुन्हा धरली तर फुगा लवकर वाढतो, हे डॉक्टरांनी माझ्या मुलाच्या देखत सांगितलं ते बरं झालं. तो अजून लपून ओढतो. आणि एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती: जुलाब झाले की आपण फार्मसीतून सिप्रोफ्लॉक्सासिन उचलतो, त्या जातीची औषधं अशा माणसाने शक्यतो टाळायची. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली तसा इशारा दिला होता. मी वर्षाला एक पट्टी तरी संपवत असे.

राहिली ताई. सदुसष्टची, सासर डिचोलीला. "बायकांना नाही होत ते." होतं, कमी होतं, पण झालं तर लहान मापालाही फुटू शकतं, म्हणून बायकांचं ऑपरेशन पाचलाच करायचं म्हणतात. हे मी तिला सांगितलं तर तिने विषय आंब्यांवर नेला. मग दादाने फोन केला. त्याच्या पोटावरचे टाके तिने पाहिलेत, त्याला तिला नाही म्हणवलं नाही.

येत्या सोमवारचा नंबर घेतलाय. त्या दिवशी तिचा उपास असतोच, पण साबुदाण्याची खिचडी खाऊन येऊ नकोस, हे मी तीनदा बजावलंय.