ॲडलेडच्या समुद्रकाठी, आपल्या इरईची गोष्ट

ॲडलेडला ताईकडे जायचं ठरलं तेव्हा फिरायची लिस्ट सगळी तिनेच केली, मी फक्त एकच जागा मागून घेतली, हॅलेट कोव्ह, समुद्रकाठचं एक पार्क. जायला एकदम सोपं आहे, शहरातून सीफर्डची ट्रेन पकडायची, हॅलेट कोव्ह बीच स्टेशनला उतरायचं आणि तिथून चालत पार्कात. कड्याच्या कडेने पायवाट जाते, खाली सेंट व्हिन्सेंटचं आखात, वारा असा की टोपी हातातच धरावी लागते.

ब्लॅक क्लिफवर पोचलो आणि बघायला आलो होतो ते समोरच. जवळपास ६० कोटी वर्षांपूर्वीचा खडक, त्याचा माथा घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या सरळ सरळ रेघा. २८ कोटी वर्षांपूर्वी इथून बर्फाचा प्रचंड थर दक्षिणेकडून सरकत आला, तेव्हा अंटार्क्टिका ऑस्ट्रेलियाला चिकटलेलंच होतं, आणि त्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी हे ओरखडे काढले. ॲडलेड युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर राल्फ टेट यांनी १८७७ साली हे बर्फाचं काम आहे हे ओळखलं.

ताई म्हणाली, अरे पण नदीनेही दगड झिजतोच की, बर्फच कशावरून? बरोबर प्रश्न आहे. नदी दगड गोल करते, पण अशा समांतर सरळ रेघा मारत नाही, आणि आणलेला माल साधारण आकाराप्रमाणे लावत जाते. इथे बारीक मातीत मोठाले धोंडे कसेही रुतून बसलेत आणि त्यातला काही ग्रॅनाइट तर इथला नाहीच, तो दक्षिणेकडून, व्हिक्टर हार्बरच्या बाजूने आलाय.

आता मी हे बघायला एवढा का हट्ट धरला ते सांगतो. अशाच रेघा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत! पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ, चुनखडीवर, आणि त्यावर तालचेरचा धोंड्यांचा थर (ओडिशातल्या तालचेरवरून नाव पडलेला, आपल्या कोळशाच्या थरांखाली असतो तो). भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणजे टेट यांच्याही दोन वर्षं आधी. तिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तिथे बर्फ! त्याआधी १८५६ मध्ये ब्लॅनफोर्ड बंधूंनी ओडिशात तालचेरचे धोंडे बर्फाने आणलेत असं म्हटलं तेव्हा लोकांना ते पटायला जड गेलं होतं.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. आपल्या कोळशाच्या थरांचं वय नेमकं काय यावर तेव्हा मोठा वाद होता, कारण आपल्याकडे त्या थरांत पानांचे ठसे भरपूर, ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचे वगैरे, पण वय पक्कं करायला समुद्री जीवाश्म लागतात ते फारसे नव्हते. ऑस्ट्रेलियात तशीच पानं होती आणि सोबत समुद्री थरही. मग न्यू साउथ वेल्समधून रेव्हरंड क्लार्क यांनी तिथले जीवाश्म फाइस्टमांटेल यांना पाठवले, हे बोहेमियाचे, आणि त्याच काळात कलकत्त्याला भारतातल्या जीवाश्मांवर काम करत होते. पुढे १८८५-८६ ला आर. डी. ओल्डहॅम स्वतः भारतातून तिकडे गेले आणि ब्रँक्स्टनजवळ समुद्री थरांतच त्यांना बर्फाने ओरखडलेले दगड सापडले, म्हणजे आपल्या तालचेरच्या धोंड्यांचं वय त्या समुद्री जीवाश्मांवरून लावता आलं. (हेच ओल्डहॅम, ज्यांनी १९०६ मध्ये भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीला गाभा आहे हे दाखवलं.) आपल्या खाणीच्या प्रश्नाचं उत्तर हजारो किलोमीटरवरच्या खडकात होतं आणि ते कोणीतरी बोटीने जाऊन शोधलं, हे मला फार मोठं वाटतं. व्हिएन्नाचे भूवैज्ञानिक झ्यूस यांनी १८८५ मध्ये आफ्रिका, मादागास्कर, भारत अशा एकेकाळी जोडलेल्या भूमीला गोंडवानालँड म्हटलं ते अशाच अनेकांच्या कामावर उभं राहून, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका त्यात नंतर आले.

नंतरही हे असंच चालू राहिलं. दक्षिण आफ्रिकेचे भूवैज्ञानिक दु त्वा १९२३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर दक्षिण अमेरिकेत गेले आणि तिथले थर दक्षिण आफ्रिकेतल्या थरांशी एकेक करून लावून पाहिले. १९६७ ला अर्जेंटिनात मार देल प्लाताला पहिली गोंडवाना परिषद झाली, चौथी १९७७ ला कलकत्त्यात. गोंडवानाहून जुना, असाच जोडलेला महाखंड म्हणजे रोडिनिया, तो तर अजून अवघड, तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती, मग पानांचे ठसे कुठून आणणार, झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय आणि खडकात गोठलेलं चुंबकत्व यावरच भिस्त. त्यासाठी युनेस्कोच्या भूविज्ञान कार्यक्रमातल्या आयजीसीपी ४४० प्रकल्पात वेगवेगळ्या देशांचे लोक एकत्र बसले आणि त्यातून २००८ मध्ये रोडिनियाचा नकाशा छापून आला. कुठल्याही एका देशाला हे एकट्याने जमलं नसतं, कारण प्रत्येकाकडे तुकडाच आहे.

ब्लॅक क्लिफवरून पुढे शुगरलोफ लागतं, पांढऱ्या-तांबड्या थरांची टेकडी, ती चुकवू नका, पण माती फार ठिसूळ आहे म्हणून पायवाट सोडून जाऊ नका. आणि चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या शिक्षकांना एक विनंती, सहल काढाल तेव्हा इरईचाही विचार करा, पावसाळा सोडून, पात्रात पाणी कमी असेल तेव्हा, आणि मुलांना आधी हॅलेट कोव्हचे फोटो दाखवून न्या.