बोली लावून गप्प बसणाऱ्यांचं काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरमध्ये एखादा नवा विक्रेता भेटो, नाहीतर पुण्या-नागपूरकडच्या कुणा संग्राहकाचा फोन येवो, थोड्या वेळाने विषय तिथेच येतो: "ताई, ऑनलाइन लिलावात बोली जिंकतात आणि पैसेच देत नाहीत, अशांचं तुम्ही काय करता?" विचारणाऱ्याचा अनुभव ताजा असतो आणि त्याला माझ्याकडून जालीम उपाय हवा असतो. माझं उत्तर त्याला लगेच पटत नाही. मी सांगते, पैसे न देणाऱ्याचा नाद सोडा आणि ज्याची बोली दुसऱ्या क्रमांकावर राहिली त्याचा विचार करा. नुकसान तुमच्याइतकंच त्याचंही झालंय, आणि त्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

मी विकते ती मुख्यतः होळकर संस्थानाची टपाल तिकिटं आणि थोडी नाणी. सासऱ्यांनी जमवलेला संग्रह रामबागेतल्या घरी होता. तो लावता लावता हा विषय माझाही झाला, आणि मग इथल्या इतर जुन्या मराठी घरांतूनही "आमच्याकडचं जरा बघता का" अशी विचारणा होऊ लागली. ग्वाल्हेरची तिकिटं म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव छापलेली. इंदूरने मात्र १८८६ साली दुसऱ्या तुकोजीरावांचा चेहरा असलेलं अर्ध्या आण्याचं स्वतःचं तिकीट काढलं. त्यामुळे इंदूरच्या तिकिटांमागे लागलेले संग्राहक दूरदूरचे आहेत. नाण्यांमध्ये सगळ्यांना हवा असतो तो यशवंतराव होळकरांचा १९३५चा तांब्याचा अर्धा आणा. त्याहून जुन्या नाण्यांच्या वाटेला मी जात नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या बोलीदाराला असं नाणं जिंकू द्यायचं आणि मग "पाठवता येत नाही" म्हणायचं, हेही शब्द मोडणंच झालं. ते विक्रेत्याकडून घडतं एवढाच फरक.

लिलाव लावायचा तो मुळात किंमत ठाऊक नसते म्हणून. डिंक शाबूत आहे का, परफोरेशन, म्हणजे कडेची दाती, कुठे तुटलीय का, टपालाचा शिक्का स्वच्छ उमटलाय का, अशा बारीकसारीक गोष्टींवर एकाच तिकिटाची किंमत कितीतरी पट वर-खाली होते. ती ठरवणारी माणसं देशभर विखुरलेली. पूर्वी आम्ही ईबेच्या भारतातल्या साइटवर होतो. तिथे पैसापे होतं, खरेदीदाराचे पैसे मध्ये सुरक्षित राहायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली आणि माझ्या ओळखीतले बहुतेकजण व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर आले. तिथे रविवारी रात्री नऊला बोली बंद होते, साडेनऊला विजेता जाहीर होतो, आणि पुढचं सगळं माणसाच्या शब्दावर. "मॅडम, कल पक्का" हा निरोप माझ्या फोनमध्ये किती वेळा आला असेल, मोजलेलं नाही.

पैसे न देणारा प्रत्येकजण लबाड असतो, असं मला वाटत नाही. खूपदा माणूस एकाच रात्री चार लॉटवर, म्हणजे लिलावाला लावलेल्या चार वस्तूंवर, बोली लावतो. मनात असतं की यातला एखादा मिळेल, आणि चारही त्याच्याच नावावर लागतात. कुणाला त्याच आठवड्यात तीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात मिळते. कधी वडिलांच्या फोनवरून पंधरा वर्षांचा मुलगा बोली लावत असतो. तिथे तर भांडायला जागाच नाही. अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच रद्दबातल, हे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, १९०३ साली मोहोरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

ठरवून पैसे न देणारेही असतात. २००९ साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर ईव्ह साँ लोराँ यांच्या संग्रहाच्या लिलावात चीनच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातली उंदीर आणि सशाची कांस्यशिरं निघाली. त्साय मिंगचाओ या चिनी संग्राहकाने दोन्हींवर सर्वांत मोठी बोली लावली आणि नंतर जाहीर केलं की पैसे देणार नाही, ही लुटीची वस्तू आहे. त्यांच्या भूमिकेबद्दल मत काहीही असो, एक गोष्ट उघड आहे. एवढ्या मोठ्या लिलावगृहालाही शेवटच्या बोलीचे पैसे येतीलच याची खात्री देता आली नाही. मग आपण साडेनऊला आकडा वाचून पैसे आले असं का धरून चालायचं?

आता त्या दुसऱ्या बोलीदाराकडे येते. इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण बहुतेक विक्रेते नेमकी इथेच घाई करतात.

समजा अर्ध्या आण्याच्या नाण्यावर तिघांची बोली होती. एकजण ६०० रुपयांवर थांबला. उरलेले दोघे पन्नास-पन्नासने चढत गेले. त्यातला एक १,४५० वर थांबला, दुसऱ्याने १,५०० लावून जिंकलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. विक्रेता दुसऱ्याला कळवतो, "नाणं तुम्हाला देतो, तुमच्या १,४५० ला." ईबेच्या परदेशी साइटवर 'दुसरी संधी' देण्याची जी सोय आहे, तिच्यातही त्या माणसाची स्वतःची सर्वोच्च बोली हीच किंमत असते. पहिल्यांदा ऐकताना हे रास्त वाटतं. आकडा त्यानेच तर लावला होता. पण ६०० च्या पुढची सगळी चढाई कुणामुळे झाली? ज्याने पैसे दिलेच नाहीत, त्याच्यामुळे. तो त्या रात्री नसता तर हे नाणं दुसऱ्याला ६५० ला मिळालं असतं. म्हणजे खोट्या बोलीचे आठशे रुपये आपण खऱ्या माणसाकडून वसूल करतो.

यावर मला सांगतात, "पण १,४५० द्यायची त्याची तयारी होतीच ना?" होती. पण ती तयारी आली कुठून, तेही बघा. नाण्या-तिकिटांच्या बाबतीत समोरच्याची बोली हीसुद्धा एक माहिती असते. समोर कुणीतरी हजाराच्या पुढे जातोय म्हटल्यावर आपल्याला वाटतं, याला यात काहीतरी दिसलंय, वस्तू चांगली असणार. त्या विश्वासावर आपण पुढे सरकतो. समोरचा पोकळ निघाला की ती माहितीही पोकळ ठरते.

म्हणून मी दुसऱ्या बोलीदाराला ६५० लाच विचारते, आणि बोलींची पूर्ण यादी पाठवते: कुणी किती वाजता किती लावले, नावं झाकून. हे आठशे मी सोडले असं मला वाटतच नाही. ते माझ्याकडे आलेच नव्हते. शेवटच्या टप्प्यात तीन-चार खरे बोलीदार असतील तर प्रश्न आपोआप लहान होतो. फरक पन्नास-शंभराचा राहतो. दुसरा बोलीदार "नको" म्हणाला, तर त्याला पुन्हा गळ घालत नाही. त्याचे पैसे कदाचित दुसऱ्या वस्तूत गेले असतील. मग काही आठवड्यांनी वस्तू पुन्हा लावते आणि वर स्पष्ट लिहिते, "मागील व्यवहार पूर्ण झाला नाही."

यादी पाठवण्यामागे आणखी एक कारण आहे. विजेता गायब झाला आणि विक्रेता लगेच दुसऱ्याच्या दारात गेला, की कुणालाही शंका येणारच: पहिली बोली विक्रेत्याच्याच माणसाची नव्हती ना? शंका रास्तच आहे, कारण असं करणारे आहेत. वस्तू विक्री कायदा, १९३० मधलं कलम ६४ लिलावांसाठी आहे. किंमत वाढवायला विक्रेत्याने बनावट बोली वापरली, तर ती विक्री रद्द करण्याचा हक्क ते खरेदीदाराला देतं. प्रामाणिक विक्रेत्याने आपला हिशेब न मागता उघडा करावा, असं मला मनापासून वाटतं.

कायदा निघालाच आहे तर विक्रेत्याच्या बाजूचंही सांगते. त्याच कलमाप्रमाणे हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचं जाहीर झालं, की विक्री पूर्ण होते. त्याआधी बोली मागे घेता येते, नंतर नाही. कलम ५४ त्याहून उपयोगाचं. पैसे न देणाऱ्याला "अमुक दिवसांत पैसे आले नाहीत तर वस्तू दुसऱ्याला विकेन" अशी नोटीस द्यायची, वाजवी वेळ द्यायचा, आणि मगच पुन्हा विकायची. तशी नोटीस न देता विकली तर नुकसानभरपाईचा हक्क जातो, आणि पुनर्विक्रीत नफा झाला तर तो आधीच्या खरेदीदाराचा ठरतो. हजार-पंधराशेसाठी कुणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये. तरी दोन ओळींचा तो संदेश मी पाठवतेच. त्याने व्यवहार नीट बंद होतो आणि महिनाभराने "माझं नाणं दुसऱ्याला का दिलं" असा फोन आला तर उत्तर तयार असतं. ईबेवर हे ठरलेलंच आहे: चार दिवस वाट बघायची, त्यानंतर पैसे न आल्याचं कारण देऊन व्यवहार रद्द करायचा, आणि त्या खरेदीदाराला पुढच्या बोलींपासून रोखायचं.

आणि पैसे न देणाऱ्याचं नाव गटात टाकायचं का? मी टाकत नाही. एका गटात एका वयस्क संग्राहकाचं नाव, फोटो, फोन नंबर 'फसव्या' असा शिक्का मारून फिरलं. त्या आठवड्यात त्यांची पत्नी अतिदक्षता विभागात होती. त्यांनी नंतर पैसे पाठवले. ज्यांनी नाव फिरवलं होतं त्यांनी ते मागे घेतलं, पण तोवर ते कितीतरी फोनांमध्ये पोचलं होतं. त्या गृहस्थांनी पुन्हा कुठल्याच लिलावात भाग घेतला नाही. इतकं जाणणारा माणूस आमच्या वर्तुळातून गेला, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. अब्रूनुकसानीचं कलम आहेच, पण ते नसतं तरी मी हे केलं नसतं. एखाद्या विक्रेत्याने मला खाजगीत विचारलं, "या माणसाशी तुमचा व्यवहार कसा झाला?" तर जे घडलं तेवढंच सांगते.

मी बँकेत वसुली विभागात होते, त्यामुळे लिलावाची दुसरी तऱ्हाही जवळून पाहिलीय. कर्ज थकलेली मालमत्ता सरफेसी कायद्याखाली विकताना बोली लावायच्या आधीच इसार भरावा लागतो. बोली लागली की एकूण रकमेच्या २५ टक्के लगेच द्यायचे, इसार त्यातच धरला जातो, आणि बाकी साधारणपणे पंधरा दिवसांत. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वैध ठरवली. पैसे न भरणारे तिथेही निघतात, पण बोली लावताना माणूस दहादा विचार करतो.

हाच धडा मी लहान प्रमाणात वापरते. ज्याच्याशी पूर्वी व्यवहार झालेला नाही, त्याने हजाराच्या वरच्या वस्तूवर बोली लावायची असेल तर आधी शंभर रुपये यूपीआयने पाठवायचे. बोली लागली नाही तर त्याच रात्री परत, लागली तर किमतीत वळते. जुन्या, ओळखीच्या संग्राहकांना हे लागू नाही. नियम लिलावाच्या सुरुवातीलाच वर लिहिलेला असतो. काहीजण रागावतात, निघूनही जातात. जाऊ देते.

बाकी साध्या गोष्टी आहेत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी लिलाव संपवत नाही, पगारदार संग्राहकांच्या हातात तेव्हा पैसे नसतात. बिल त्याच रात्री जातं, स्पीड पोस्टचा खर्च धरून एकच आकडा, कारण तीन दिवसांनी बिल आलं तर घेणाऱ्याचा उत्साहही तीन दिवस शिळा झालेला असतो. आणि ज्या वस्तूची किंमत मला नक्की ठाऊक आहे तिचा लिलावच करायचा नाही. ठरलेल्या किमतीला, आधी पैसे मग वस्तू. माझ्या पेटीतली अर्ध्याहून जास्त तिकिटं आता अशीच जातात.

राहिला शेवटचा उपप्रश्न, तोही तुम्ही विचारताच: तोच माणूस वर्षभराने परत आला तर? मी येऊ देते. आधी इसार, एका वेळी एकच लॉट, आणि मागच्या वेळेचा विषय माझ्याकडून निघत नाही. त्याने पुन्हा तेच केलं, तर त्याचे जप्त झालेले शंभर रुपये मी दुसऱ्या बोलीदाराच्या टपालखर्चात धरते, आणि त्याला तसं कळवते.