बडोद्याच्या हवेत सुपर ग्लू

छोटी विमानं, इंजिनं यांची मॉडेल्स बनवताना लागणारा बाटलीतला सुपर ग्लू महिन्याभरात दगड झाला की शिव्या कंपनीला पडतात. बहुतेक वेळा कारण हवेत असतं. हा गोंद म्हणजे सायानोअ‍ॅक्रिलेट. फेव्हिकॉलमधलं पाणी उडून जातं आणि तो वाळतो. याचं उलटं आहे. पृष्ठभागावर पाण्याचा जो डोळ्यांना न दिसणारा थर असतो, त्याची गाठ पडली की याच्या रेणूंच्या साखळ्या बनतात आणि हा घट्ट होतो. साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता याला मानवते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ती सहज ८०च्या वर जाते, आणि मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असताना हवा पार कोरडी.

म्हणून मोसम बघून हात बदलावा लागतो. पावसाळ्यात गोंद भराभर पकडतो, भाग सरळ करायला वेळच मिळत नाही. तेव्हा जाड किंवा जेल प्रकार बरा. उत्तरायणाच्या आसपासच्या कोरड्या दिवसांत तोच गोंद रेंगाळतो. अशा वेळी लोक वर आणखी एक थेंब टाकतात आणि काम बिघडतं. जाड थरात ओलावा आतपर्यंत पोचत नाही, मधला गोंद ओलाच राहतो. जोडायच्या भागावर एकदा हलकी फुंकर मारा, तोंडातली वाफ पुरते.

मुळात किटमधल्या साध्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या दोन भागांना सुपर ग्लू लागतच नाही. तिथे प्लॅस्टिक सिमेंट वापरा, ते प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं. सुपर ग्लू लागतो तो रेझिन, पितळी तार, फोटो-एच पत्रा (रसायनाने कोरलेला पातळ धातूचा पत्रा), व्हाइट मेटल (ओतीव भागांचा मऊ मिश्रधातू) यांना. शिवाय हा सांधा ओढ सहन करतो, पण बाजूने धक्का बसला की टचकन तुटतो. त्यामुळे लांब, बारीक भाग नुसता टेकवून चिकटवू नये, भोक पाडून आत बसवावा.

बडोद्याजवळच्या डभोईच्या जुन्या ७६२ मिलिमीटर नॅरोगेज रेल्वेवरच्या इंजिनाचं मॉडेल घ्या. केबिनच्या दाराशी ०.४ मिलिमीटर पितळी तारेचा दांडा लावायचाय. तार आधी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसा. बोटांचं तेल राहिलं तर पकड येत नाही. ०.५च्या ड्रिलने भोकं पाडा, तार कोरडीच बसवून सरळ आहे ना ते बघा. आता दुधाच्या पिशवीच्या कोरड्या तुकड्यावर पातळ ग्लूचा एक थेंब काढा. पिशवी पॉलिथीनची असते, तिला हा गोंद धड चिकटत नाही, आणि ग्लूच्या बाटल्याही त्याच कारणाने पॉलिथीनच्या असतात. शिवणाच्या सुईचं नेढं कापून दोन टोकांचा चिमटा करा, तो थेंबात बुडवा आणि केबिनच्या आतल्या बाजूने तारेला टेकवा. गोंद आपोआप फटीत ओढला जातो. बाहेरून लावला तर रंग दिल्यावर तो फुगवटा दिसणारच.

काचेसारख्या पारदर्शक भागांवर, कॅनोपीवर (वैमानिकाच्या जागेवरचं पारदर्शक झाकण), खिडक्यांवर हा गोंद नकोच. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून आजूबाजूला पांढरी भुकटी बसवते, आणि पावसाळ्यात हा त्रास जास्त. तिथे आपला पांढरा फेव्हिकॉल. तसंच बंद विमानात आतून सुपर ग्लू लावला असेल, तर वाफ पूर्ण निघून जाईपर्यंत कॅनोपी बसवू नका.

फट भरायला ग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरवला की तो क्षणात कडक होतो, कारण सोडा अल्कधर्मी आहे. पण घासायचं काम लगेच उरका. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो, मग घासताना शेजारचं प्लॅस्टिक झिजतं आणि तो तसाच उंच राहतो. कापूस किंवा सुती कपडा मात्र याच्याजवळ आणू नका, एकदम तापून चटका बसतो. बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. नेलपॉलिश रिमूव्हर मॉडेलवर नको, त्यातलं अ‍ॅसिटोन पॉलिस्टायरीन खाऊन टाकतं.

आता साठवण. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, ५ अंशांच्या आसपास. काढल्यावर निदान दोन तास बाहेर राहू द्या आणि मगच झाकण उघडा. थंड बाटली उघडली की आत दव धरतं, आणि ज्या पाण्यापासून तिला वाचवायचं तेच आत जातं. उघडलेली बाटली रोज फ्रिजमध्ये आत-बाहेर करण्यात म्हणून अर्थ नाही. ती उभी, घट्ट झाकणाच्या बरणीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसोबत, माळ्यापासून दूर थंड कपाटात ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की ते ११० अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी वेगळा डबा ठेवा, स्वयंपाकाची भांडी नकोत. वापर झाला की बाटलीचं बूड टेबलावर आपटा म्हणजे नळीतला गोंद खाली उतरतो, मगच तोंड टिश्यूने पुसून झाकण लावा. नळीत टाचणी खुपसून ठेवू नये, ती तिथेच अडकते.

किकर, म्हणजे गोंद झटकन घट्ट करणारं रसायन, त्याच बरणीत ठेवलात तर सगळी मेहनत वाया, त्याच्या वाफेनेही गोंद घट्ट होतो. आणि महिन्यातून एखादंच किट करत असाल, तर २० ग्रॅमची बाटली घेऊच नका. पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, मिळणारी अर्ध्या ग्रॅमची फेव्हिक्विक पुरते: एका बैठकीला एक ट्यूब, उरली तर फेकून द्या.